बातुर की इजेन?

बालीला जाणाऱ्यांपुढे जिवंत ज्वालामुखी चढायचे दोन सोपे पर्याय असतात. बातुर बालीतच आहे. उंची १७१७ मीटर, पहाटे चारच्या सुमारास निघालं की सूर्योदयाला माथ्यावर. खाली तळं, समोर आगुंग पर्वत, आणि खडकातल्या गरम वाफेवर गाईड अंडी उकडून देतात. वाट शेवटी भुसभुशीत, पाय मागे घसरतात. पण सह्याद्रीत गड चढणाऱ्याला जड जाणार नाही. गर्दी मात्र भरपूर.

इजेन पूर्व जावामध्ये. फेरीने सामुद्रधुनी ओलांडायची, घड्याळ एक तास मागे करायचं आणि मध्यरात्रीनंतर चढायला लागायचं. काठापर्यंत साधारण तीन किलोमीटर, चढ खडा. विवरातून निघणारा गंधकाचा तप्त वायू हवेत येताच पेट घेतो, त्या निळ्या ज्वाळा फक्त अंधारात दिसतात. उजाडल्यावर खाली फिरोजी रंगाचं सरोवर दिसतं, तेही तीव्र आम्लाचं. त्याच वाटेवर खाणकामगार पिवळ्याधमक गंधकाच्या टोपल्या खांद्यावरून वाहतात, कित्येकदा सत्तर किलोंहून जास्त. त्यांना आधी वाट द्या.

मला विचाराल तर इजेनच. तिथं डोंगर खरोखर धगधगताना दिसतो. पण दमा असेल किंवा लहान मुलं बरोबर असतील तर बातुरच धरा. वारा फिरला की इजेनचा धूर गॅस मास्कमधूनही घशाला झोंबतो. वायू वाढला तर विवरात उतरणं बंद करतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी कराच.