बसलं की अंधार: सेन्सरच्या दिव्यांचे नऊ महिने

परवा भर दुपारी बाथरूममधून बाबांची हाक आली, "अरे, तुझा दिवा परत गेला!" म्हणून लिहायला बसलोय.

आमची पेठेतली जुनी इमारत. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, त्यामुळे दिवसाही दिवा लागतोच. गेल्या श्रावणात तापकीर गल्लीतून हालचाल टिपून दिवा लावणारे चार झिगबी (बिनतारी) सेन्सर आणि त्यांना बल्बशी जोडणारा एक हब आणला. पॅसेजची तक्रार नाही. ओट्यावरचा दिवा तर कणकेचे हात असतानाही आपसूक लागतो, म्हणून आई चक्क "बरं केलंस" म्हणाली. सुरुवातीला ती सवयीने भिंतीवरचं बटण बंद करायची आणि स्मार्ट बल्ब ठार व्हायचा. बटणावर चिकटपट्टी लावून ते मिटलं.

पण बाथरूम! पीआयआरला, म्हणजे या जातीच्या सेन्सरला, माणूस कळत नाही, हलणारी ऊब कळते. बाबा कमोडवर पेपर घेऊन बसले की पुतळाच. दोन मिनिटांत अंधार, मग आतून आरती ओवाळल्यासारखे हात. वेळ पाचवर नेली, मग दहावर. आता रिकाम्या बाथरूममध्ये दिवा दहा मिनिटं जळणार, तर सेन्सर कशाला?

एप्रिलात पारा चाळिशीला टेकला आणि आणखी गंमत. भिंतीच अंगाइतक्या तापल्यावर त्याला माणूस आणि भिंत यांत फरकच दिसेना. आत जाऊन दोन पावलं चाललं तरी ढिम्म. दुकानदाराकडे नेला, तर म्हणतो, "पीस ओके आहे. बाबांना जरा हलत राहायला सांगा."

हा परिच्छेद दोन आठवड्यांनी लिहितोय. इथवर वाचून 'घेऊ नका' असं वाटलं असेल तर थांबा. बाथरूमपुरता रडारवाला घेतला, चोवीस गिगाहर्ट्‌झचा. श्वासाने छाती हलते तेवढीही त्याला पुरते. पहिल्या दिवशी बाबा अख्खा अग्रलेख वाचून बाहेर आले! मात्र हा गडी दाराच्या फळीतूनही बघतो. पॅसेजमधून कुणी गेलं की आत दिवा. पल्ला दीड मीटरवर आणल्यावर शहाणा झाला. एक्झॉस्टच्या पात्यालाही तो माणूस समजायचा, म्हणून तोंड फिरवून बसवला. सेलवर चालत नाही, सतत पाच व्होल्ट लागतात. वायर ओढायचे वायरमनने सहाशे घेतले.

बाबांनी लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडलाय. नऊ वॅटचा बल्ब रोज दहा तास फुकट जळला तरी महिन्याला पावणेतीन युनिटही होत नाहीत. दहा रुपये युनिट धरलं तरी सत्तावीस रुपये. नुसते वायरमनचे सहाशे फिटायला बावीस महिने. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निघालेला पीआयआर चपलांच्या कपाटात लावलाय. तिथे कुणी बसून पेपर वाचत नाही.