९९ रुपयांच्या डेमोमागचा ऑटोपे

गाणं, योग, संस्कृत, इंग्रजी, साठीनंतर मोबाईलवर काहीही शिकू पाहणाऱ्यांनी आणि त्यांच्या मुलासुनांनी हे जरूर वाचावं. मी सांगलीत विश्रामबागेत राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि आयुष्यभर राहून गेलेलं शास्त्रीय गाणं शिकायचं ठरवलं. गुडघ्यांमुळे क्लासला जाणं-येणं झेपत नाही, म्हणून ऑनलाइन.

जाहिरात मोबाईलवर आपणहून आली होती. "घरबसल्या ६ महिन्यांत विशारद, सरकारमान्य प्रमाणपत्र, वयाची अट नाही, डेमो फक्त ९९ रुपये." यातलं विशारदचं आश्वासन किती खोटं आहे ते मिरजेच्या एका गायिकाबाईंनी मला पुढे समजावलं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय आपल्या मिरजेतच आहे. त्यांच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, मग प्रवेशिका, मग मध्यमा आणि त्यानंतर विशारद. परीक्षकांसमोर बसून गावं लागतं. याला कित्येक वर्षं जातात. सहा महिन्यांत विशारद करून देतो म्हणणारा माणूस तिथेच ओळखू येतो, पण ज्याला या क्षेत्राची माहितीच नाही त्याला कोण सांगणार? असे लोक नेमके आपल्यासारख्यांनाच गाठतात.

डेमोचे पैसे भरताना यूपीआयचा पडदा उघडला. वर मोठ्या अक्षरांत ९९. खाली बारीक इंग्रजीत तीन ओळी होत्या: रक्कम "अप टू" ४,९९९, "मंथली", आणि पुढच्या कित्येक वर्षांनंतरची एक तारीख. त्याखाली पिन टाकायची जागा. तो पिन ९९ रुपयांपुरता नव्हता. दरमहा ४,९९९ रुपयांपर्यंत कापून घ्यायची ती परवानगी होती. याला ऑटोपे किंवा मँडेट म्हणतात. एकदा मंजुरी दिली की साधारण १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या कपातींना पुन्हा पिन लागत नाही. कपातीच्या २४ तास आधी कळवायचा नियम आहे. तसा मेसेज आलाही होता, इंग्रजीत, कर्जाच्या आणि रिचार्जच्या ढीगभर मेसेजांच्या गर्दीत.

क्लास म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले व्हिडिओ. समोर बाई हार्मोनियमवर सा धरायच्या आणि आपण इकडे गायचं. माझा सा लागतोय की उतरतोय हे ऐकायला पलीकडे कुणीच नाही. ग्रुपवर मी तसं विचारलं तर मेसेज काढून टाकला, मग मलाच ग्रुपमधून काढलं. पुढच्या महिन्यात खात्यातून ४,९९९ गेले.

मोठा घाव याच्यानंतर बसला. पैसे परत मागायला मी इंटरनेटवर त्या क्लासचा हेल्पलाइन नंबर शोधला. सापडलेला नंबर भामट्यांचा होता. बोलणारा मुलगा इतका गोड, "मावशी, घाबरू नका, आत्ता परत करतो." आधी एक ॲप घ्यायला लावलं. त्यातून माझ्या मोबाईलचा पडदा त्याला दिसू लागला. मग यूपीआय उघडायला सांगून म्हणाला, "त्या चौकोनात रिफंड कोड टाका, ४९९८६, आणि पिन टाकून कन्फर्म करा." तो चौकोन रकमेचा होता. कोड म्हणून त्याने सांगितलेला आकडा म्हणजेच माझ्या खात्यातून जाणारे ४९,९८६ रुपये.

पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. हे वाक्य मी आता मोठ्या अक्षरांत लिहून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवलंय.

शेजारच्या वहिनींच्या मुलाने तेव्हाच्या तेव्हा १९३० ला फोन लावला, म्हणून काहीतरी हाती लागलं. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. तिथे बँकेचं नाव, खाते क्रमांक, वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक विचारतात. तक्रार लवकर गेली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथे शिल्लक असलेली रक्कम गोठवतात. माझी काही रक्कम अशी गोठली आहे, ती सोडवायचं काम चालू आहे. बाकीची त्याने तोवर पुढे फिरवली होती. बँकेने सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलात, काकू." लबाडी करून टाकून घेतलेल्या पिनाला ग्राहकाची संमती म्हणावं, हे मला अजिबात पटत नाही आणि मी तसं लेखी दिलंय.

पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, आता हे ऑनलाइन वगैरे बंद कर." मी बंद करणार नाही. आता मी त्याच मिरजेच्या बाईंकडे व्हिडिओ कॉलवर शिकते. त्या माझा सूर ऐकतात, थांबवतात, पुन्हा लावायला लावतात आणि फी महिना संपल्यावर घेतात. ज्यांना दुसरं काही शिकायचंय त्यांच्यासाठी केंद्र सरकारचं स्वयम् हे संकेतस्थळ आहे. तिथे शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेची तेवढी फी.

भजनी मंडळात मी हे सगळं सांगितलं तेव्हा आधी सगळ्या गप्प बसल्या. मग एकीने हळूच सांगितलं की तिच्याही खात्यातून दरमहा काहीतरी कापलं जातं, पण घरात ओरडतील म्हणून ती बोलली नाही. तिथेच तिचा मोबाईल घेतला, यूपीआय ॲपमध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून ऑटोपे उघडलं. एक योगाचा डेमो आणि एक इंग्रजी बोलायचा वर्ग, दोन्ही अजून चालू होते. दोन्ही तिथल्या तिथे रद्द केले. रद्द करायला क्लासवाल्याची परवानगी लागत नाही.