गाडगीळांचा ‘ळ’ सांभाळा: नागपुरातल्या एका स्मृतिफलकाच्या दुकानाबद्दल

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाची सहकार व्यवस्थापन संस्था नागपुरातच आहे. त्यामुळे एखाद्या पतसंस्थेला किंवा सहकारी बँकेला त्यांचा फलक लावावासा वाटला, तर त्यात नवल नाही. इतवारीच्या बाजूला ग्रॅनाइटवर अक्षरं कोरून देणारं एक जुनं दुकान आहे, त्याच्या कामाचा हा हिशेब. दगडाला पाचपैकी साडेचार गुण, अक्षरांना अडीच.

दगडाबद्दल तक्रार नाही. २४ बाय १८ इंचाचा, १८ मिमी जाडीचा काळा ग्रॅनाइट मिळतो, कडा गोल घासलेल्या, पॉलिश एकसारखी. वजन साडेतेरा किलोच्या आसपास भरतं. रबराची स्टेन्सिल, म्हणजे अक्षरं कापलेला साचा, चिकटवून सँडब्लास्टने (हवेच्या दाबाने वाळूचा मारा करून) दीड ते दोन मिमी खोल कोरतात. खोली सगळीकडे सारखी येते, आणि ही साधी गोष्ट नव्हे.

घोटाळा होतो तो टायपिंगच्या टेबलावर. मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये बदलला जातो आणि रफार एक घर पुढे सरकतो: ‘अर्थतज्ज्ञ’चा ‘अथर्तज्ज्ञ’ होतो. बसवलेला फॉन्ट हिंदी वळणाचा, म्हणून ‘ल’ आणि ‘श’ मराठी डोळ्याला खटकतात. आणि ‘गाडगीळ’चं ‘गाडगील’. हरकत घेतली की उत्तर तयार: ‘वाचणारा समजून घेते ना जी!’ दगडात गेलेला ‘ल’ पुसता येत नाही. ती पाटी उलटी करून मागच्या बाजूला कोरावी लागते, किंवा फेकावी लागते.

उपाय सोपा आहे. मजकूर आपणच युनिकोड मराठी फॉन्टमध्ये मांडावा, अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांना फॉन्टवर न विसंबणाऱ्या आकृत्या बनवून, पीडीएफ द्यावी आणि दुकानात पुन्हा टाइप करू देऊ नये. मग मूळ आकारातली कागदी प्रत मागून ती भिंतीवर चिकटवून दोन जणांनी वाचावी, एकाने शेवटून सुरुवातीकडे. अक्षराची उंची २० मिमी ठेवा. १२ मिमीच्या खाली गेलात तर अनुस्वाराचा ठिपका भरून जातो आणि ‘ठ’, ‘ढ’ यांच्या पोटातला स्टेन्सिलचा छोटा तुकडा हवेच्या माऱ्याने उडतो. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार असल्यामुळे ओळींत अंतर मोकळं लागतं. या आकारात नऊ ओळींपेक्षा जास्त कोंबू नका.

मोबदला अक्षरावर. जोडाक्षर एक धरायचं की दोन, हे आधीच ठरवून घ्या. ‘अर्थतज्ज्ञ’ या एकाच शब्दावर वाद होऊ शकतो.

मजकुरात काय घ्यावं? दुकानाचा तयार साचा ‘थोर विचारवंत, समाजसेवक’ असा आहे, तो कुणालाही चालतो, म्हणून गाडगीळांना चालत नाही. फोटो दुकानाकडून घेऊ नका: गाडगीळ म्हटलं की काकासाहेबांचा, म्हणजे केंद्रीय मंत्री न. वि. गाडगीळांचा फोटो पुढे येतो. हवं ते एवढंच: धनंजय रामचंद्र गाडगीळ, १० एप्रिल १९०१ ते ३ मे १९७१. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, १९६७ पासून. राज्यांना योजना-साहाय्य वाटण्याचं सूत्र, १९६९. त्या सूत्रात लोकसंख्येला ६० टक्के आणि बाकी चार निकषांना दहा-दहा टक्के वजन होतं. दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांचा वाटा त्यातल्याच एका दहा टक्क्यांत. विदर्भात बसून हे वाचणाऱ्याला त्यात रस असणारच, पण टक्केवारी फलकावर नको, उद्घाटनाच्या पत्रिकेत छापा.

बसवण्याचं काम दुकान करून देतं, पण सिमेंटच्या गाऱ्यात थेट दाबून. तसं करू देऊ नका. ओल मागून झिरपते, कडांना लोणा फुटतो आणि दोन पावसाळ्यांत अक्षरांत भरलेल्या सोनेरी रंगाचे पापुद्रे सुटतात. चार कोपऱ्यांना, कडेपासून ४० मिमी आत छिद्रं पाडून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावायला सांगा, भिंत आणि दगड यांत थोडी फट ठेवून. पश्चिमेची भिंत टाळा, दुपारच्या उन्हात अक्षरांतला एनॅमल रंग लवकर फिका पडतो. फलक बाहेरच लावायचा असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) रंग मागा. चिकटवायला इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) वापरणार असाल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरका, नंतर तो डब्यातच घट्ट होतो.

पितळी पाटीही इथे मिळते. लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, उडाला की काळवंडते आणि रस्त्यालगत लावली तर भंगारात जाण्याची धास्ती. आतल्या सभागृहासाठी ठीक.

आणि १० एप्रिलच्या जयंतीसाठी काम द्यायचं तर कागदी प्रत फेब्रुवारीतच तपासून टाका. मार्चअखेर पतसंस्थेत ताळेबंदाची धांदल असते, तेव्हा ती प्रत टेबलावर पडून राहते आणि ३० तारखेला कुणीतरी न वाचताच सही ठोकतं.