रेंज फुल्ल, तरी फोन गुल: आमच्या टॉवरमधल्या आयबीएसचा रिव्ह्यू

रेटिंग: पाचपैकी साडेतीन. (आयबीएस म्हणजे इन-बिल्डिंग सोल्यूशन, इमारतीच्या आत मोबाइलचा सिग्नल पोचवणारी छोट्या अँटेनांची यंत्रणा.)

घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहते. आमच्याकडे रेंज नव्हती असं नाही, उलट नको तितकी होती. हॉलच्या खिडकीतून आजूबाजूच्या गच्च्यांवरचे अँटेना थेट दिसतात आणि माझ्या फोनलाही ते सगळे दिसतात. फोर-जीत शेजारशेजारचे सेल, म्हणजे एकेका अँटेनाने सांभाळलेले भाग, सहसा एकच फ्रिक्वेन्सी वापरतात, टू-जीसारखी वाटणी नसते. खाली रस्त्यावर इमारती आड येतात म्हणून एखादाच सेल वरचढ ठरतो. वर सगळेच सारख्या जोरात. एका चौकात चार मंडळांचे स्पीकर लागावेत तसं, आवाज दणदणीत पण शब्द एकही कळत नाही.

नोकरी आरएफची, म्हणजे रेडिओ सिग्नलचीच, त्यामुळे नेटमॉन्स्टर हे सिग्नल मोजायचं अ‍ॅप उघडून बघितलंच. आरएसआरपी (सिग्नलचा जोर) उणे ७८, म्हणजे झकास. एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) उणे २, म्हणजे सिग्नलपेक्षा गोंगाट जास्त. काड्या मुख्यतः पहिल्या आकड्यावरून दिसतात, स्पीड दुसऱ्यावर ठरतो. मध्यरात्री मात्र त्याच खिडकीत नेट पळायचं, कारण शेजारच्या सेलवर लोड नसला की त्यांचं डेटा पाठवणं थंडावतं आणि गोंगाट उतरतो. हे कस्टमर केअरला सांगून बघा. "मॅडम, फोन रीस्टार्ट करा."

शेवटी कमिटीने पाठपुरावा करून मोबाइल कंपनीकडून आयबीएस बसवून घेतलं. सोसायटीने जागा आणि वीज दिली. डक्टमधून जाड काळी केबल, प्रत्येक लॉबीत छताला तळहाताएवढा पांढरा अँटेना. काम नीटनेटकं, फॉल्स सीलिंगही फोडलं नाही.

हॉलमध्ये आता आरएसआरपी उणे ८४ आणि एसएनआर १९. सिग्नल पूर्वीपेक्षा कमी, तरी व्हिडिओ कॉल अडकत नाही! पण बेडरूम? आमची बिल्डिंग मायवानची, भिंती झाडून सगळ्या आरसीसीच्या. लॉबीतला सिग्नल दोन भिंती ओलांडेपर्यंत गळपटतो, खिडकीतून बाहेरचे सेल जिंकतात आणि फोन आत-बाहेर उड्या मारत बसतो. कॉल कट.

साडेतीनपैकी निदान एक स्टार ऑप्टिमायझेशनला, म्हणजे नेटवर्क जुळवायला आलेल्या मुलाचा. मी म्हटलं, "आतली पॉवर वाढव ना." तो म्हणाला, "ताई, मग खालच्या रस्त्यावर गळती होईल, गाड्यांतले फोन तुमच्या सेलला चिकटतील." बरोबरच होतं त्याचं. त्याने समोरच्या साइटच्या (गच्चीवरच्या अँटेनांच्या) दोन सेक्टरचा इलेक्ट्रिकल टिल्ट, म्हणजे बीमचा कल, खाली करून घेतला. आमच्या वरच्या मजल्यांवर येणारा बीम रस्त्यावर पडायला लागला. शिवाय त्यातल्या एका सेक्टरचा पीसीआय (सेलचा ओळख क्रमांक) आणि आमच्या आतल्या सेलचा पीसीआय, दोन्हींना तीनने भागलं की बाकी सारखीच उरत होती. तसं झालं की दोघांचे रेफरन्स सिग्नल, ज्यांवरून फोन सेलचा सिग्नल मोजतो, एकमेकांवर आदळतात. फोर-जीत ५०४ पीसीआय उपलब्ध असूनही प्लॅनिंगवाल्यांनी ही जोडी जमवली होती! तो बदलल्यावर बेडरूमचा कॉल टिकायला लागला.

एक भानगड आमच्याच बिल्डिंगमधली. आमचा आवाज पलीकडे तुटक जायचा, म्हणून मी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय चाललंय ते दाखवणारं यंत्र) घेऊन मजले फिरले, तर एका फ्लॅटमध्ये ऑनलाइन मागवलेला सिग्नल बूस्टर निघाला. विनापरवाना बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि तो सेलच्या अपलिंकमध्ये (फोनकडून अँटेनाकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये) अखंड कचरा ओततो. "माझ्या पैशाने आणलाय" यावर कमिटीत बरीच वादावादी झाली; उतरवला एकदाचा.

दीड स्टार कापला तो असा: बसवण्याआधी घरांच्या आत वॉक टेस्ट (चालत फिरून सिग्नल मोजणं) केलीच नाही, लॉबी मोजून मोकळे झाले, त्याचा एक. अर्धा यासाठी की यंत्रणा फक्त फोर-जीची आणि एकाच कंपनीची. ३.५ गिगाहर्ट्झचा फाइव्ह-जी आमच्या भिंतींपुढे आधीच हात टेकतो, त्याचा विचार आत्ताच करायला हवा होता.

नवीन टॉवरमध्ये घर बघत असाल तर बिल्डरला आयबीएसच्या डक्टबद्दल आणि दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांतल्या डिजिटल कनेक्टिव्हिटी रेटिंगबद्दल विचारा. आमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्यांनी तूर्त वाय-फाय कॉलिंग चालू करून घ्यावं.