ठोक व्यापाऱ्याची उधारी, पतसंस्थेचे कर्ज की बँकेची कॅश क्रेडिट?

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी मोटारपंप, पीव्हीसी पाइप आणि केबलचे दुकान चालवणाऱ्याला माल भरण्यासाठी व्यवहारात तीनच दारे असतात: नागपूरच्या किंवा अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याची उधारी, गावातली पतसंस्था आणि बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत लागेल तसे काढायचे आणि भरायचे कर्जखाते. ही तिन्ही मी वापरली आहेत. आपल्याकडे पावसाळा उलटला की हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी विहिरीवर मोटार बसवण्याची घाई सुरू होते, पण कापूस विकून शेतकऱ्याच्या हाती पैसा येईपर्यंत बहुधा संक्रांत निघून जाते. म्हणजे ज्या महिन्यांत माल सर्वाधिक जातो, त्याच महिन्यांत गल्ल्यात रोकड सर्वांत कमी असते, आणि हे अंतर कोणाच्या पैशाने भरून काढायचे हे ठरवावे लागते.

ठोक व्यापाऱ्याच्या उधारीची सोय नाकारता येत नाही. तो नव्या दुकानदाराला आधी रोखीने माल देतो, काही हंगाम वायदा पाळला जातो की नाही ते पाहतो, आणि मग स्वतःच म्हणतो, "घेऊन जा न भाऊ, पैशाचं पाहून घेऊ." ना जामीनदार, ना अर्ज, फोन केला की माल ट्रान्सपोर्टने निघतो. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला आणि गावोगावची वसुली थांबली, तेव्हा माझा व्यापारीही पैशासाठी थांबला. बँक इतक्या सहज थांबली असती असे मला वाटत नाही.

तरीही मी त्या उधारीपासून दूर झालो ते एकाच त्रासामुळे, आणि तो त्रास मालाच्या दराचा नव्हता. उधारी बाकी असलेल्या दुकानदाराला माल निवडता येत नाही. भावाच्या विहिरीवर जी मोटार आहे तीच पाच एचपीची सबमर्सिबल हवी, असे गिऱ्हाईक सांगून जाते. मी तशी मागणी नोंदवतो. आणि खोके उघडले की आत दुसऱ्याच कंपनीची मोटार असते. विचारले तर "यंदा हीच चालते" असे उत्तर येते आणि बिलातला भाव मागाहून कळतो. मागची बाकी डोक्यावर असताना माल परत पाठवण्याची भाषा कोण करणार? ती मोटार ऐन ओलितात जळली, वाइंडिंगवाल्याकडे आधीच रांग होती, आणि वॉरंटी कार्डावरचे जवळचे सेवा केंद्र नागपूरला होते. शेतकरी माझ्या काउंटरवर येऊन उभा राहिला आणि चारचौघांत त्याने जे नाव घेतले ते कंपनीचे नव्हते, माझे होते. व्यापाऱ्याकडची माझी पत शाबूत राहिली, गावातली मात्र खर्ची पडली. असे एकापेक्षा अधिक वेळा घडले, म्हणून मी याला योगायोग म्हणत नाही. सगळेच व्यापारी असे वागतात असा मात्र माझा दावा नाही.

याच्या जोडीला दोन गोष्टी आहेत. व्यापाऱ्याचा विश्वास त्याच्या वहीत आणि त्याच्या डोक्यात राहतो, त्यामुळे गादीवर मुलगा बसला की ओळख नव्याने करून द्यावी लागते. शिवाय जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचे पैसे 180 दिवसांत चुकते झाले नाहीत, तर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, व्याजासह परत करावे लागते. दिवाळीपूर्वीच्या मालाची बाकी उन्हाळ्यापर्यंत रेंगाळणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

पतसंस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. दैनिक ठेवीचा एजंट रोज दारात येत असल्याने संस्थेला दुकानाची चाल घरच्यासारखी ठाऊक असते आणि कर्ज लवकर मिळते. परंतु जामीनदार शोधावे लागतात, मग त्यांच्या कर्जाला आपणही जामीन राहतो, आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या दारात येते. बँकेतील ठेवींना असलेले पाच लाखांचे विमा संरक्षण पतसंस्थेतील ठेवीला नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

बँकेच्या कटकटी मी झाकून ठेवत नाही. दरमहा स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे दुकानातल्या मालाचा हिशेब, द्यावे लागते, शाखाधिकारी बदलला की तेच कागद नव्याने मागितले जातात, आणि कॅश क्रेडिटच्या खात्यात सलग 90 दिवस जमा झाली नाही तर खाते थकीत धरले जाते. परंतु व्याज वापरलेल्या रकमेवरच लागते, मुद्रा योजनेत तारण मागितले जात नाही, आणि 2015 मध्ये दहा लाखांपर्यंत असलेली तिची मर्यादा आता, योजनेतल्या 'तरुण' नावाच्या गटातले कर्ज नीट फेडलेल्यांसाठी, वीस लाखांपर्यंत गेली आहे. लहान उद्योगाला अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या साधारण 20 टक्के खेळते भांडवल मिळावे असा बँकांचा जुना दंडक आहे. तेव्हा विक्री खात्यातून दिसणे महत्त्वाचे, आणि क्यूआर कोडवर आलेला पैसा घरच्या बचत खात्यात न वळवता दुकानाच्या चालू खात्यात येऊ द्यावा. एकट्याच्या मालकीच्या दुकानात मालकाचा स्वतःचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, पाहिला जातो, त्यात मोटारसायकलचे चुकलेले हप्तेही येतात. ही नोंद मात्र आपल्यासोबत चालते. शाखा बदला, बँक बदला, ती मागे राहत नाही.

ज्याचे दुकान अगदी नवे आहे आणि खात्यात दाखवण्यासारखे काही नाही, त्याने पहिले एक-दोन हंगाम व्यापाऱ्याच्या उधारीवर काढण्यात गैर नाही. मीसुद्धा व्यापारी सोडलेला नाही, फक्त आता रोखीने घेतो, भाव आधी विचारतो आणि मागितलेलीच मोटार येते. बँकेत जायचे असेल तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), जीएसटीची विवरणपत्रे आणि चालू खात्याचे वर्षभराचे उतारे घेऊन पोळ्याच्या सुमारास जावे. जूनमध्ये शाखेत पीककर्जाची गर्दी असते, आणि दिवाळीनंतर अर्ज दिला तर मंजुरी येईपर्यंत ओलिताचा हंगाम निम्मा सरलेला असतो.