वॉशर-ड्रायरची जोडी घरासाठी निवडताना: किलोचा आकडा आणि स्पिनचा आवाज

वॉशिंग मशीनवर ठळक छापलेले १० किलो फक्त कॉटनच्या प्रोग्रॅमसाठी असतात, आणि तेही कोरड्या कपड्यांचे. त्याच मशीनवर सिंथेटिकचा प्रोग्रॅम लावला की मर्यादा चार किलोच्या आसपास येते. लोकरी कपड्यांना दोन किलो, आणि पंधरा मिनिटांच्या झटपट धुण्यालाही जेमतेम तेवढेच. हा तक्ता माहितीपुस्तिकेत असतो, दुकानातल्या स्टिकरवर कधीच नसतो. म्हणून मशीन पक्कं करण्याआधी पुस्तिका उतरवून घ्यावी आणि निदान ते एक पान वाचावं. घरात रोजचं धुणं मिश्र कापडांचं असेल तर तुमच्या कामाचा आकडा तो चार किलोचा आहे.

कपड्यांच्या वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. अंघोळीचा मोठा टॉवेल पाचशे ते सातशे ग्रॅम भरतो, जीन्स सहाशे ते आठशे, साधा शर्ट दोनशेच्या आसपास. डबल बेडच्या दोन चादरी, चार अभ्रे आणि चार मोठे टॉवेल मिळून साधारण चार-सव्वाचार किलो होतात. म्हणजे चौघांच्या घराला आठ-नऊ किलोचं मशीन वजनाच्या हिशेबाने भरपूर आहे. मोठं मशीन लागतं ते आकारमानासाठी. डबलची दुलई वजनाला दोन-अडीच किलोच असते, पण आठ किलोच्या ड्रममध्ये ती कोंबून बसवावी लागते. मग मधला भाग कोरडाच राहतो आणि साबण घडीत अडकून पडतो. कपडे भरल्यावर वर हाताचा पंजा आडवा सहज जावा, एवढी जागा हवी.

त्यामुळे किलोसोबत ड्रमचं माप लिटरमध्ये बघा आणि लिटरला किलोने भागा. भागाकार सातच्या खाली गेला तर तो ड्रम लहान आणि स्टिकर मोठा असं समजायला हरकत नाही. साठ सेंटिमीटर रुंदीच्या मशीनमध्ये ड्रम वाढवायला जागा उरते ती खोलीतच, म्हणून खरं मोठं मशीन पाठीमागे जास्त जागा खातं. भिंतीपासून नळी आणि वायरसाठी आणखी पाच-सात सेंटिमीटर धरूनच जागा मोजावी. पाच-सहा जणांच्या घराला आमच्या मते दहा ते अकरा किलोचं, सत्तर लिटरच्या पुढच्या ड्रमचं समोरून उघडणारं मशीन योग्य. वरून उघडणारी मशीन वापरायला सोपी असतात, वाकावं लागत नाही. पण त्यांचा स्पिन, म्हणजे कपडे पिळण्याचा वेग, बहुधा मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवर थांबतो, आणि पुढे ड्रायर असेल तर तिथेच गणित बिघडतं.

ते गणित असं आहे. आठ किलो सुती कपडे १४०० फेऱ्यांवर पिळले की त्यांच्यात साधारण सव्वाचार लिटर पाणी उरतं. हजार फेऱ्यांवर पाच लिटरच्या आसपास, आठशेवर साडेपाचच्याही पुढे. एक लिटर पाण्याची वाफ करायला नुसती उष्णताच सुमारे ०.६३ युनिट लागते, वरचं नुकसान वेगळं. मोटर जे पाणी दहा मिनिटांत जवळजवळ फुकट काढून टाकते, तेच ड्रायरला तास-अर्धा तास जास्त चालवून काढावं लागतं. अर्ध्या मीटर व्यासाच्या ड्रममध्ये हजार फेऱ्यांवर कपड्यांवर गुरुत्वाच्या सुमारे २८० पट जोर येतो, १४०० वर जवळजवळ ५५० पट. फेऱ्या चाळीस टक्के वाढल्या की जोर दुप्पट होतो. म्हणून १४०० चं मशीन घ्या. १६०० ला फरक पडतो, पण आवाज आणि सुरकुत्याही वाढतात.

आता आवाज. बहुतेक लेबलांवर मोठ्याने मिरवलेला डेसिबलचा आकडा कशाचा आहे ते आधी विचारा. धुण्याच्या वेळी चांगली मशीन पन्नास डेसिबलच्या आसपास असतात. त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही, कारण घराला त्रास होतो तो स्पिनचा. युरोपच्या २०२१ पासूनच्या लेबलवर स्पिनचाच आकडा देतात आणि ७३ डेसिबलच्या खाली असेल तर ए श्रेणी मिळते, ७७ च्या खाली बी. हा निकष कुठल्याही देशातल्या ग्राहकाने वापरावा इतका सरळ आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो, तेव्हा ७२ आणि ७८ मधला फरक किरकोळ समजू नका.

मोटरीबद्दल विक्रेते फार बोलतात. पट्ट्यावर चालणारी जुनी ब्रशची मोटर खरोखरच कर्कश असते आणि तिचे कार्बन झिजतात, ती टाळावीच. मात्र ड्रमच्या आसालाच जोडलेली डायरेक्ट ड्राइव्ह आणि पट्ट्यावरची इन्व्हर्टर मोटर या दोहोंत धुताना फरक जाणवला तरी पूर्ण वेगात फार जाणवत नाही, कारण तोवर आवाज मोटरीचा नसतोच. तो हवेचा, टबच्या (ड्रमभोवतीच्या पाणी धरणाऱ्या टाकीच्या) थरथरण्याचा आणि पत्र्याचा असतो. म्हणून मशीनचं वजन बघा. आतल्या टबला काँक्रीटचे किंवा बिडाचे वजनदार ठोकळे बांधलेले असतात, ते टबला जागच्या जागी धरून ठेवतात. एकाच क्षमतेच्या दोन मशीनमध्ये एक ६२ किलोचं आणि दुसरं ७४ किलोचं असेल, तर दुसरं शांत असण्याची शक्यता खूप जास्त. दुकानात आणखी एक करून बघा: दार उघडून ड्रम वरच्या काठाला धरून खाली दाबा आणि सोडा. तो एकदा वर येऊन थांबला पाहिजे, डुलत राहता कामा नये. मग बाजूच्या पत्र्यावर बोटाने टकटक करा. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला तर स्पिनलाही तोच ऐकू येणार. मात्र हलवाहलवीचे बोल्ट काढलेले नसतील तर ड्रमची परीक्षा होत नाही, ते आधी विचारून घ्या.

हे बोल्ट म्हणजे नव्या मशीनच्या तक्रारींचं पहिलं कारण. पाठीमागे तीन किंवा चार असतात, प्रवासात टब हलू नये म्हणून लावलेले. ते न काढता पहिला स्पिन लावला तर मशीन खोलीभर चालतं, आणि डॅम्पर (टबचे धक्के झेलणारे दांडे) किंवा टब कायमचा दुखावू शकतो. पान्याने सोडवायचे, प्लॅस्टिकच्या बाहीसकट ओढून काढायचे, भोकांना टोप्या लावायच्या. बोल्ट मात्र जपून ठेवा. घर बदलताना लागतात.

शांत मशीनचं निम्मं काम पायाखाली होतं. घन काँक्रीटच्या जमिनीवर, शक्यतो कोपऱ्यात, जिथे जमीन कमीत कमी लवते तिथे मशीन ठेवा. वर पाणसळ ठेवून आधी आडवं, मग पुढे-मागे बघा. पाणसळ बरोबर दाखवत असली तरी तेवढ्यावर थांबू नका: समोरासमोरचे तिरपे कोपरे आलटून पालटून दोन्ही हातांनी दाबा. किंचितही डोललं तर एक पाय हवेत आहे. तो फिरवून जमिनीला टेकवायचा आणि मग प्रत्येक पायावरची चकती-नट वरच्या दिशेने, मशीनच्या बुडाला घट्ट आवळायची. हा शेवटचा टप्पा बसवणारे बहुतेक जण सोडतात. नट सैल राहिला की दोन-तीन महिन्यांत पाय आपोआप फिरतो आणि शांत मशीन अचानक धडधडायला लागतं. लोक मग बेअरिंग गेलं म्हणून घाबरतात.

चाकांचा स्टँड नकोच. फरशी पुसायला सोय होते, पण सत्तर किलोचं मशीन लवचिक नळ्यांवर उभं राहतं. रबराच्या गाद्यांबद्दल आमचं मत सावध आहे: कडक, पातळ रबर खालच्या मजल्यावर जाणारा आवाज थोडा कमी करतं, मऊ आणि जाड रबर डोलणं वाढवतं.

स्पिन सुरू होताना दोन-तीनशे फेऱ्यांच्या टप्प्यावर होणारी क्षणभराची थरथर स्वाभाविक आहे. तिथे टबची आणि स्प्रिंगांची लय जुळते, पुढे मशीन शांत होतं. तो टप्पा पार करण्याआधी मशीन ड्रम हळू फिरवून कपडे पसरवतं आणि तोल मोजतं. तोल जमला नाही की थांबून पुन्हा प्रयत्न करतं. पडद्यावरची नऊ मिनिटं वीस मिनिटं झाली तरी हलत नाहीत ती यामुळे. मोठ्या ड्रममध्ये हे जास्त होतं, कारण एकटं पायपुसणं किंवा एकटी जीन्स एका बाजूला चिकटून बसते आणि समोर तोलायला काही नसतं. दोन टॉवेल सोबत टाका, काम होतं. पाणी न झिरपणारं गादीचं कव्हर मात्र स्पिनला लावूच नका. त्याच्या खोळीत पाणी साचून राहतं आणि पूर्ण वेगात ते एकदम सरकलं तर मशीन उलटण्याइतका धक्का बसतो.

धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात करणारी मशीन जागेच्या हिशेबाने मोह पाडतात. दहा किलो धुणारं असं मशीन वाळवतं मात्र सहा-सात किलो. म्हणजे मध्येच उठून ओले कपडे बाहेर काढायचे. एक खेप वाळत असताना दुसरी धुता येत नाही, आणि कपड्यांचा भुसका दाराच्या रबरात ओल्या लगद्यासारखा बसतो. मोठ्या कुटुंबासाठी आमची शिफारस दोन वेगळ्या यंत्रांचीच आहे. एका मशीनपुरतीच जागा असेल तर ड्रायर वर चढवा: त्याच मापाचा जोडणी-संच घेऊन, खाली वॉशर आणि वर ड्रायर. उलट कधीही नाही.

ड्रायरमध्ये हीट पंपच घ्या. हीटरचा कंडेन्सर ड्रायर (हवा हीटरने तापवून वाफेचं पाणी टाकीत जमवणारा) आठ किलोला चार-साडेचार युनिट खातो, हीट पंप साधारण दोन किंवा त्याहून कमी. आत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. एका जाळीवर हवा गरम होते, दुसऱ्या जाळीवर थंड होऊन पाणी सोडते, आणि तीच उष्णता पुन्हा वापरली जाते. हवा साधारण पन्नास-साठ अंशांपर्यंतच तापते, कपडे कमी आटतात. वेळ जास्त लागतो, पूर्ण भरल्यावर अडीच-तीन तास. आवाज बासष्ट ते पासष्ट डेसिबलची एकसुरी गुणगुण, तेवढा सगळा वेळ सलग. झोपण्याच्या खोलीला चिकटलेल्या भिंतीवर ती नकोशी होते. कपडे फुलायला जागा लागते, म्हणून ड्रायरचे लिटर भागिले किलो तेरा-चौदा हवेत. वॉशर दहा किलोचा आणि ड्रायर आठ-नऊचा ही जोडी व्यवस्थित जमते, कारण जाड लोकर, रेशीम आणि लवचिक कपडे ड्रायरमध्ये जाणारच नसतात.

ड्रायर आडवा करून आणला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवावा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरू द्यावं. पाण्याची टाकी चार-पाच लिटरची असते आणि मोठ्या खेपेला जवळजवळ भरते; निचऱ्याची नळी थेट जोडता येत असेल तर जोडाच. बंद कपाटात ठेवला तर तो स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो आणि वेळ वाढत जातो.

ड्रायर खरेदी करताना सगळ्यात बारकाईने बघायची जागा म्हणजे त्याची थंड जाळी. काही मॉडेलांत खालचं झाकण उघडून ती ब्रशने साफ करता येते, काहींत साचलेल्या पाण्याने आपोआप धुतली जाते. ऐकायला दुसरी पद्धत छान वाटते. पण भुसक्याची गाळणी फाटली किंवा दरवेळी साफ केली नाही, तर भुसका बारीक पत्र्यांत घट्ट बसतो, पाण्याने निघत नाही आणि हात पोचत नाही; मग मेकॅनिकला अर्धं मशीन खोलावं लागतं. आम्ही हाताने साफ होणारी जाळी निवडू. गाळणी प्रत्येक खेपेला, दोन्ही थर उघडून. तेलकट डाग राहिलेले कपडे आणि फोमच्या वस्तू ड्रायरमध्ये टाकू नयेत, त्या पेट घेऊ शकतात.

ड्रमच्या आत, दाराच्या खालच्या कडेला बहुतेक ड्रायरांत धातूच्या दोन पट्ट्या असतात. कपडे त्यांना घासून जातात आणि त्यावरून ओल मोजली जाते. सॉफ्टनरचा न दिसणारा थर त्यांच्यावर बसला की ड्रायर ओले कपडे कोरडे समजून लवकर थांबतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने महिन्याला एकदा पुसलं की दुरुस्त होतं.

वॉशरचं आयुष्य बेअरिंगवर ठरतं. सील गळायला लागलं की पाणी छऱ्यांपर्यंत जातं, आधी बारीक घरघर येते आणि पुढे स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज. रिकामा ड्रम हाताने फिरवून आणि वर-खाली उचलून बघा. खडबडीत लागला किंवा टबपासून वेगळा खुळखुळला तर बेअरिंगच. आता खरेदीआधी विचारायचा प्रश्न असा: टब बोल्टने जोडलेला आहे की वितळवून सांधलेला? सांधलेला असेल तर शंभर ग्रॅमच्या बेअरिंगसाठी ड्रमसकट सगळा टब बदलावा लागतो. ड्रमच्या मागचा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा आधार साबणाच्या थराखाली हळूहळू खाल्ला जातो, म्हणून महिन्याला एकदा रिकामं मशीन साठ अंशांच्या वर चालवावं, साबण मापाने टाकावा आणि पंपाची गाळणी दोन महिन्यांनी उघडावी. तिच्यातून नाणी, बटणं निघतात; पंपाची खडखड बहुधा त्यांचीच असते.

रात्री चालवायचं असेल तर शांत प्रोग्रॅम काय करतो ते पुस्तिकेत बघून घ्या. काही मशीन स्पिनचा वेग सातशे-आठशेवर आणतात, काही कपडे शेवटच्या पाण्यातच ठेवून थांबतात आणि सकाळी स्पिन तुम्हाला लावावा लागतो. ड्रायर असलेल्या घरात दुसरा प्रकार बरा: सकाळी १४०० वर पिळायचं आणि कपडे सरळ ड्रायरमध्ये.