डॉट इन आणि डॉट भारत: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, घ्यायला दहा मिनिटं लागतात आणि नेमकं त्या दहा मिनिटांबद्दलच सगळीकडे लिहिलेलं असतं. नाव शोधा, हिरवी खूण दिसली की पैसे भरा, झालं. नाव कसं निघालं हे मात्र नंतरच्या महिन्यांत कळतं. मेल पोचेनाशी होते, फोनवर स्पेलिंग सांगून तोंड दुखतं, नूतनीकरणाचा आकडा बघून डोळे पांढरे होतात. म्हणून हा अभिप्राय वापराबद्दल आहे, खरेदीबद्दल कमी.

वापर छोटाच आहे: समुद्रकाठच्या एका होमस्टेची चार पानांची साइट, दोन ईमेल पत्ते आणि तीन नावं. डॉट इन मुख्य, डॉट कॉम नुसतं राखण म्हणून आणि डॉट भारत देवनागरी पाटीसाठी.

आधी कोण कोण असतं ते बघू, कारण पुढचे निम्मे घोळ इथेच सुरू होतात. नावांची मूळ वही रजिस्ट्रीकडे असते. डॉट इन आणि डॉट भारतची वही निक्सी सांभाळते, डॉट कॉमची व्हेरीसाइन. आपण ज्याला पैसे देतो तो रजिस्ट्रार, म्हणजे दुकानदार. वहीत ज्याचं नाव लागतं तो रजिस्ट्रंट. सातबारावर कोणाचं नाव आहे हे आपण जितक्या बारकाईने बघतो, तितक्याच बारकाईने हे बघायचं. (सातबारा कसला, खरं तर भाडेपट्टाच आहे, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचा.) साइट बनवून देणारा मुलगा ‘मीच घेतो ना नाव’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. पण खातं त्याचं, ईमेल त्याचा, नोंदही त्याची. तो नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेला की आपल्या दुकानाची किल्ली त्याच्या खिशात जाते. खातं आपण उघडावं, नोंद आपल्या किंवा फर्मच्या नावाने करावी आणि त्याला हवा तेवढाच प्रवेश द्यावा. बरेच रजिस्ट्रार दुसऱ्या माणसाला मर्यादित प्रवेश देण्याची सोय ठेवतात. ती नसेल तर डीएनएसचे, म्हणजे या नावाची साइट आणि मेल कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदींचे, बदल त्याला शेजारी बसवून करून घ्यावेत.

नाव निवडताना सगळे ‘छोटं आणि लक्षात राहणारं’ एवढंच सांगतात. मराठी नावाचं खरं दुखणं रोमन स्पेलिंगचं आहे. ‘किनारा’ हा साधा शब्द घ्या. एन नंतर एक ए की दोन? शेवटी एक ए की दोन? म्हणजे चार रूपं झाली. पहिल्या ‘कि’ला कोणी आय लावतो, कोणी डबल ई, मग झाली आठ. ‘वाडा’ला व्ही की डब्ल्यू, ‘ओहळ’ला एल की आणखी काही, हे वेगळंच. फोनवर नाव सांगितलं की समोरचा स्वतःच्या सवयीचं स्पेलिंग टाकतो आणि भलत्याच साइटवर जातो. यावर उपाय म्हणजे घेण्याआधी नाव पाच जणांना फोनवर सांगायचं आणि लिहून पाठवायला सांगायचं. चौघांनी एकच स्पेलिंग लिहिलं तर घ्या. मध्ये आडवी रेघ असलेलं नाव टाळा, ती बोलताना हमखास गळते. नियम म्हणून माहीत असावं: दोन टिंबांमधल्या एका भागात ६३ पर्यंत अक्षरं चालतात, रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही आणि रोमनमधली मोठी-लहान अक्षरं एकच धरली जातात.

आता पैसे. पहिल्या वर्षाचा भाव ही जाहिरात असते, खरा भाव नूतनीकरणाचा. डॉट कॉमचंच गणित बघा. १ सप्टेंबर २०२४ पासून व्हेरीसाइन प्रत्येक नावामागे रजिस्ट्रारकडून वर्षाला १०.२६ डॉलर घेते. मग शंभर-दीडशे रुपयांत डॉट कॉम देणारा पहिल्या वर्षी पदरचे घालतो आणि दुसऱ्या वर्षी वसूल करतो, हे उघड आहे. त्यामुळे शोधपानावरचा मोठा आकडा सोडा आणि ‘रिन्यूअल’ची ओळ शोधून वाचा. वर १८ टक्के जीएसटी धरा. कार्टमध्ये बरंच काही आधीच टिक करून ठेवलेलं असतं: मेल, साइट बिल्डर, ‘सुरक्षा’ नावाचं काहीतरी. एसएसएल प्रमाणपत्र (साइटचा पत्ता ‘सुरक्षित’ दाखवणारं) वेगळं विकत घ्यायची गरज छोट्या साइटला नसते. लेट्स एनक्रिप्टचं मोफत मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले, म्हणजे साइट ठेवायला जागा देणारे, तेच आपोआप बसवतात. नाव-पत्ता लपवण्याची सेवा डॉट इनला नियमात बसत नाही, त्यामुळे त्यासाठी कोणी पैसे मागितले तर आधी विचारा, कशाचे?

पैसे भरल्यावर ईमेल पडताळणीची मेल येते आणि ती स्पॅममध्ये पडून राहते. डॉट कॉमच्या बाबतीत १५ दिवसांत त्या दुव्यावर टिचकी मारली नाही, तर रजिस्ट्रारला नाव थांबवावं लागतं. साइट छान चालू असते आणि सोळाव्या दिवशी अचानक गायब होते. लोक होस्टिंगवाल्याशी भांडत बसतात आणि दोष न उघडलेल्या मेलचा असतो. डॉट इनसाठी रजिस्ट्रार ओळखपत्रही मागू शकतो, ते तयार ठेवा. नोंदीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. ‘राजूभाऊ होमस्टे’ असं मालकाच्या रकान्यात लिहिलं की तिथे गाडी अडते.

डीएनएसचं पान पहिल्यांदा उघडलं की घाबरायला होतं, पण रोजच्या कामाला चार ओळी पुरतात. ए रेकॉर्ड म्हणजे नावापुढे सर्व्हरचा आयपी पत्ता. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी सीनेम, तो मुख्य नावाकडे बोट दाखवतो. एमएक्स म्हणजे मेल कुठे पोचवायची ते. टीएक्सटी म्हणजे मेलच्या खात्रीच्या खुणा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: उघड्या (पुढे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ नसलेल्या) मुख्य नावावर सीनेम लावता येत नाही, कारण तिथे इतर नोंदी असाव्याच लागतात आणि सीनेम शेजारी कोणाला बसू देत नाही.

या अकरा महिन्यांत सर्वांत जास्त वेळ गेला तो मेलवर, साइटवर नाही. दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत की त्या जवळून बघितलेल्या बऱ्या.

पहिली चूक नेमसर्व्हर, म्हणजे या डीएनएस नोंदींची वही ठेवणारे सर्व्हर, बदलताना होते. होस्टिंग बदललं, नव्या कंपनीने सांगितलं ‘आमचे दोन नेमसर्व्हर टाका’, आपण टाकले. साइट नव्या जागी उघडली, सगळे खूश. मेल मात्र बंद. कारण नेमसर्व्हर बदलणं म्हणजे एक ओळ बदलणं नव्हे, अख्खी वहीच बदलणं. जुन्या वहीतल्या एमएक्स आणि टीएक्सटीच्या ओळी नव्या वहीत आपोआप येत नाहीत. म्हणून आधी जुन्या पानाचा स्क्रीनशॉट काढायचा, नव्या ठिकाणी सगळ्या ओळी हाताने भरायच्या आणि मगच नेमसर्व्हर बदलायचे. नुसती साइट हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात न लावता ए रेकॉर्ड बदलला तरी भागतं. त्याच्या आदल्या दिवशी टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ स्मरणात ठेवायची तो आकडा) ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे बदल पाच-दहा मिनिटांत सगळीकडे दिसतो. ‘४८ तास लागतील’ हे उत्तर कुठून आलं तेही सांगतो: डॉट कॉमच्या वहीत नेमसर्व्हरच्या ओळींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर दोन दिवस. तेवढा वेळ जुना पत्ता कोणाच्या तरी स्मरणात राहू शकतो. ए रेकॉर्डच्या बदलाला तेच उत्तर कोणी दिलं तर समजा, पाठ केलेलं बोलतोय.

दुसरी चूक एसपीएफची. या नावाने मेल कोणी पाठवायची याची परवानगी त्या टीएक्सटी ओळीत असते. मेलवाल्याने एक ओळ दिली, ती टाकली. नंतर बिलं पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने स्वतःची एक दिली, तीही खाली टाकली. आता दोन झाल्या, आणि नियमानुसार एका नावाला एसपीएफची ओळ एकच चालते. दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर दोन्ही नाकारतो आणि कालपर्यंत नीट जाणारी मेलही स्पॅममध्ये जायला लागते. त्यावर तोडगा सोपा आहे: दोन्हींचे ‘इन्क्लूड’ एकाच ओळीत घ्या आणि शेवटी ‘ऑल’ एकदाच ठेवा. हे इन्क्लूड वाढत गेले तर १० डीएनएस चौकशांची मर्यादाही ओलांडली जाते, म्हणून वापरात नसलेल्या सेवांची नावं काढून टाका. सोबत डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) चालू करा आणि डीमार्क (खात्री न पटलेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारी ओळ) सुरुवातीला ‘नन’वर, म्हणजे ‘काही करू नका’वर, ठेवा. महिनाभर अहवाल बघून मग कडक करा. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून या बाबतीत नियम कडक केले आहेत, त्यामुळे ‘छोट्या धंद्याला काय करायचंय’ म्हणून चालत नाही.

आता डॉट भारत. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुलं झालं. सुरुवातीच्या आठ भाषांत मराठी आणि कोकणी दोन्ही होत्या. याचं मोठं सुख म्हणजे वर सांगितलेला स्पेलिंगचा छळ संपतो. पाटीवर जे लिहिलंय तेच टाइप करायचं. पडद्यामागे मात्र डीएनएसला देवनागरी कळत नाही, त्यामुळे प्रत्येक नावाचं ‘एक्सएन’ आणि दोन रेघांनी सुरू होणारं रोमन रूप होतं. ‘भारत’चंच ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ होतं. ब्राउझरमधून पत्ता कॉपी करून चिकटवला की कधीकधी हेच भूत बाहेर येतं आणि पाहुण्याला वाटतं व्हायरस आला. शिवाय ६३ अक्षरांची मर्यादा या रूपाला लागते, तेव्हा देवनागरी नाव आटोपशीरच ठेवा.

मराठीच्या खास दोन खोड्या आहेत. ‘ॲग्रो’ लिहा. यातला ‘ॲ’ एकाच युनिकोड अक्षराने लिहिता येतो, किंवा ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देऊनही. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावं आहेत. तुम्ही एका पद्धतीने नोंदवलं आणि गिऱ्हाइकाच्या कीबोर्डने दुसरं दिलं, तर साइट ‘सापडत नाही’. दुसरी खोड ‘किनाऱ्यावर’मधल्या अर्ध्या ‘ऱ्या’ची. तो नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहिला जातो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. ते अदृश्य चिन्ह रोमनेतर लिपीतल्या डोमेन नावांच्या २००३ च्या नियमांत गाळलं जायचं, २००८ च्या नियमांत हलन्तानंतर चालतं. म्हणजे ब्राउझर कुठला नियम पाळतो यावर पत्ता ठरणार. नावात ‘ॲ’ आणि अर्धा ‘ऱ’ नकोच, ‘किनारा’ ठेवा. हे टाळणं शक्य नसेल तर दोन-तीन वेगळ्या फोनवर टाइप करून ‘एक्सएन’ रूप तेच येतं का ते ताडून बघा. आणि पाटीवर दंड नको, टिंब हवं. हिंदी कीबोर्डवरून ‘।’ पडला तर तो टिंब धरला जात नाही.

डॉट भारतवर ईमेल चालवायच्या भानगडीत आत्ता तरी पडू नका. त्याचं तांत्रिक मानक २०१२ पासून आहे, जीमेल २०१४ पासून असे पत्ते ओळखतं, पण बुकिंगच्या आणि सरकारी फॉर्मचे रकाने ‘अवैध ईमेल’ म्हणून परत पाठवतात. आमच्या वापरात डॉट भारत फक्त पाटी आहे. ते उघडलं की कायमच्या ३०१ वळवणीने डॉट इनवर जातं. वळवणी लावताना त्या नावाचंही एसएसएल प्रमाणपत्र लागतं. रजिस्ट्रारच्या फुकट ‘फॉरवर्डिंग’मध्ये ते असेलच असं नाही. मग साध्या पत्त्यावरून वळवणी होते, सुरक्षित पत्त्यावरून लाल इशारा येतो. दोन्ही तपासा.

नूतनीकरणात आपल्याकडची वेगळी अडचण आहे. ‘ऑटो-रिन्यू’ चालू आहे म्हणून निश्चिंत राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या ई-मँडेट (परस्पर कपातीच्या मंजुरीच्या) नियमांमुळे जतन केलेल्या कार्डावरून परस्पर पैसे कापले जाणं, विशेषतः परदेशी रजिस्ट्रारकडे, भरवशाचं राहिलेलं नाही. मुख्य नाव एकदम तीन-पाच वर्षांचं करून टाकणं सोपं. डॉट कॉम संपल्यावर रजिस्ट्रारच्या मर्जीने ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या भावात परत मिळू शकतं, नंतर ३० दिवस दंडासकट, मग ५ दिवस कोणालाच नाही, आणि त्यानंतर कोणीही उचलतं. इशाऱ्याच्या मेल येतात: महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत. पण रजिस्ट्रारकडचा ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर शेवटचा इशारा नेमक्या बंद पडलेल्या खोक्यात जातो. खात्याला वेगळा ईमेल आणि दोन टप्प्यांचं लॉगिन, एवढं पहिल्याच दिवशी करा. ‘तुमचं नाव चीनमध्ये कोणी नोंदवतंय’ छापाच्या मेल येतील, त्या सरळ पुसा.

राखणीचं डॉट कॉम पुढच्या वर्षी सोडायचं ठरतंय, पण लगेच नाही. सुरुवातीचे दोन महिने त्यावर एक ईमेल पत्ता होता. नाव सोडलं आणि दुसऱ्याने घेतलं की त्या पत्त्यावर येणारे पासवर्ड बदलण्याचे दुवे त्याच्या हाती जातात. म्हणून जीएसटी पोर्टल, बँक, गूगलवरची धंद्याची नोंद, वीजबिल सगळीकडे पत्ता बदलून झाला आहे. त्या नावावर येणारी प्रत्येक मेल एकाच खोक्यात पडेल अशी सोय केली आहे. गेल्या महिन्यात तिथे तीन मेल आल्या: दोन जाहिराती आणि एक विमा कंपनीची. त्या कंपनीकडे पत्ता बदलायचा राहिला होता.